बेगमची पिल्लं, काकीचं दूध

कुत्र्यांच्या प्रदर्शनात सगळ्यात शिस्तीत वागतात ती कुत्री. बाकी सगळे भुंकतात. मालक भुंकतो, मालकीण भुंकते, माईकवाला भुंकतो, आणि ज्याचा कुत्रा हरला तो तर गाडीत बसेपर्यंत भुंकत जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या रिंगणात कुत्र्याची दोरी धरून गोल गोल पळण्यात गेली.

आमच्या कामाला हँडलर म्हणतात. मालकाच्या कुत्र्याला न्हाऊ-माखू घालायचं, चालवायचं, उभं राहायला शिकवायचं, आणि प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकासमोर असं उभं करायचं की चांगलं तेवढं दिसावं, वाईट झाकलं जावं. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मावशी जे काम करते तेच. आमच्याकडे फक्त दात खरोखर उघडून बघतात.

रायपूरच्या मराठी मंडळाच्या अंकात लिहा म्हणाले तेव्हा मला घामच फुटला. आठवीत शाळा सोडलेला माणूस मी. पण ज्यांनी सांगितलं त्यांनी मला परक्या गावात कधी परकं वाटू दिलं नाही, म्हणून नाही म्हणवेना. बेगमचं लिहितो. जिंकलेल्या चषकांचं काही लिहिण्यासारखं नाही. ते पितळेचे असतात आणि दुसऱ्या वर्षी काळे पडतात.

मी नागपूरकडचा, तुमसर भागातला. मामा रायपूरला, भनपुरीच्या ट्रकांच्या अड्ड्यावर होता, त्यानं मला ट्रक धुवायला आणलं. छत्तीसगड नवीन राज्य झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. काल ज्याचं सिमेंटचं दुकान होतं तो आज ठेकेदार झाला होता आणि परवा साहेब होणार होता. मी ज्यांचे ट्रक धूत होतो ते आमचे मालक राजाभाऊ त्यातलेच. शहराच्या जुन्या वस्तीत, बूढापाऱ्यात, भोसल्यांच्या काळापासून राहिलेलं मराठी घर. सरकारी इमारतींचे ठेके मिळाले तसा त्यांनी समता कॉलनीत बंगला बांधला. बंगल्याला संगमरवर लागला. मग संगमरवरावर उभं राहायला काहीतरी लागलं. म्हणून ग्रेट डेन जातीची कुत्री आणली, वासराएवढी, मधाच्या रंगाची, तोंड काळं. तिचं कागदावरचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की माईकवाल्याला मध्ये श्वास घ्यावा लागे. घरी ती बेगम.

राजाभाऊ पहिल्यांदा तिला घेऊन अड्ड्यावर आले ते पांढऱ्या सफारीत आणि पांढऱ्या बुटांत. ते जीपमधून उतरायच्या आधी बेगम उतरली, आणि साखळी हातात असल्यामुळे राजाभाऊही उतरले, पण आडवे. नालीपर्यंत गेले. सगळे ड्रायव्हर हसू दाबून उभे. मी पाइप टाकून धावलो, साखळी धरली आणि जमिनीवर फतकल मारून बसलो. बसलेल्या माणसाला कुत्रं ओढत नाही, त्याला कुतूहल वाटतं. बेगम परत आली आणि तिनं माझा कान हुंगला.

राजाभाऊ चिखल झटकत म्हणाले, "काय नाव बे तुझं?"

"सुधाकर."

"ट्रक धुणं बंद. उद्यापासून बंगल्यावर ये."

बंगल्यावर मला पहिला प्रश्न वहिनींनी विचारला. राजाभाऊंच्या मिसेस त्या, आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. "जेवला का रे?" एवढंच. मी हो म्हणालो, कारण घाबरलो होतो. त्यांनी ताट वाढलंच, आणि ते मागच्या दारी नाही, घरच्यांच्या पंगतीत. या शहरात मी खूप लोकांना नावं ठेवली आहेत, या लेखातही ठेवणार आहे. त्यात वहिनी नाहीत.

पण त्या घरात माझी भीती कधी गेली नाही. घरी बाप नव्हता, शेत नव्हतं, आणि गावात परत जाणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर उभं राहणं. मी त्या घरात होतो तो बेगममुळे. ती शिंकली तरी मी रात्रभर तिच्याजवळ बसून राहायचो.

काम मी नागपूरच्या एका जुन्या हँडलरकडून शिकलो. कुत्र्याचे चारही पाय चौकोनात, पाठ सपाट, मान वर. असं उभं करणं हीच आमची अर्धी विद्या. बाकीची अर्धी उकडलेल्या कलेजीची. तुकडा आपल्या गालात धरायचा, म्हणजे कुत्रं आपल्या तोंडाकडे टक लावून बघतं आणि परीक्षकाला वाटतं, वा, काय एकाग्रता! तेव्हापासून मी कलेजी खात नाही. पळताना माणसानं दिसू नये, कुत्रं दिसावं. हे मला सोपं गेलं. मला न दिसण्याची सवय होती.

मालकांना मात्र दिसायचंच असतं. रायपूरच्या एका प्रदर्शनात बेगम पहिली आली. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे उशिरा आले, त्यांना कुत्र्यांची भीती, पण फोटोची त्याहून मोठी हौस. त्यांनी लांबूनच हात पुढे करून बेगमच्या गळ्यात झेंडूचा हार टाकला. बेगमनं मान वळवली आणि हार शांतपणे खाऊन टाकला. माईकवाला ओरडला, "देखिए, प्रसाद ग्रहण कर रही है!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक बाई हातातलं पोमेरियन हलवत भांडत होत्या, "हमारा तो पानी भी बोतल का पीता है, फिर कैसे हारा?" परीक्षक बिचारे त्या कुत्र्याच्या डोळ्यांतलं पाणी पुसत होते. असं हे आमचं उच्चकुलीन जग.

मग बेगमला पिल्लं हवीत असं ठरलं. बिलासपूरच्या एका कोळशाच्या सेठजींकडे नामांकित नर होता. आमच्या धंद्यात रिवाज असा की नराच्या मालकाला पिल्लांतलं एक पिल्लू द्यायचं, आणि पहिली निवड त्याची. तो सगळ्यांत चांगलं उचलणार, उरलेली आपली. राजाभाऊंनी उरलेलीही आधीच वाटून टाकली होती. बेगमच्या पोटात किती आहेत हे तिलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा ज्या ज्या साहेबाच्या सहीवाचून काम अडत होतं त्या त्या साहेबाला एकेक पिल्लू कबूल झालं होतं. मी भीत भीत विचारलं, "भाऊ, घरी एखादं?"

"काहून? बेगम आहे न."

आठ झाली. सगळी धडधाकट, एक सोडून. शेवटी आलेल्या मादीच्या शेपटीचं टोक जन्मतःच वाकडं होतं.

आता छत्तीसगडात मूल झालं की सहाव्या दिवशी छठी करतात. राजाभाऊंनी पिल्लांची छठी केली. मांडव, केटरर, फुगे. साहेब लोक, त्यांच्या बायका, बायकांच्या बहिणी. सगळ्यांनी डोळे न उघडलेली पिल्लं हातात घेऊन फोटो काढले. "माँ पे गई है," "नहीं, पापा पे." मी दाराशी उभा राहून हात धुवायचं पाणी पुढे करत होतो. कोणी हात धुतले नाहीत. एकीनं त्या पाण्यात बोटातली अंगठी तेवढी धुऊन घेतली.

पण घात त्यांनी केला नाही. त्यांच्यावर ढकलता आला असता तर बरं झालं असतं.

वहिनी सुरुवातीला बेगमच्या आसपास फिरकत नसत. पिल्लं झाली आणि त्या बदलल्या. "बाळंतीण आहे बिचारी," म्हणत त्यांनी तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले. सुंठ, खारीक, साजूक तूप आणि मुठी मुठी किसमिस. सकाळी दोन, संध्याकाळी दोन, आपल्या हातानं. बेगम त्यांच्या मांडीवर ते प्रचंड डोकं ठेवून खायची. मला काय ठाऊक? मलाही एक मिळायचा, मी खायचो. कोणत्या बाळंतिणीला डिंकाचा लाडू वाईट असतो?

बेगम ओकायला लागली. मग पाणी पिणं सुटलं, मग लघवी बंद झाली. समता कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माहेर मराठी, पण बोलायच्या हिंदीच. त्यांनी सुई लावली, सलाइनची बाटली लावली, आणि काय काय खाल्लं ते विचारलं. वहिनींनी आनंदानं लाडवांचा डबा आणून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी एक लाडू फोडला आणि त्यातली किसमिस बोटानं वेगळी काढली.

"दीदी, किशमिश कुत्तों की किडनी ले लेती है. सबकी नहीं. मैंने भी अभी अभी पढ़ा है, कहीं लिखा कहाँ रहता था पहले?"

बेगम दोन दिवसांनी गेली, बाटली लागलेलीच, माझ्या गुडघ्यावर मान टाकून. राजाभाऊ वहिनींवर असे ओरडले की शेजारच्या गच्चीवर लोक आले. "जनावराले जनावरासारखं ठेवाचं सोडून लाडू चारते! लाडू!"  वहिनी डबा तसाच उचलून आत गेल्या, त्या कित्येक दिवस खोलीतून बाहेर आल्याच नाहीत.

मग राजाभाऊ माझ्याकडे वळले. "पिल्लं जगव. सेठचं अन् साहेब लोकांचं सगळं कबूल आहे. वाटून झाली का तू मोकळा. पाहाजो मंग तुझं." आणि लोकांना सांगितलं की बेगमला हवापालटाला नागपूरला पाठवलंय. नागपूरला! मे महिन्यात!

म्हणजे पिल्लं मेली तर मी आज गेलो, जगली तर महिन्यानं गेलो. तरी जगवायचीच होती. डब्याची पावडर, बाटली, गरम पाण्याची पिशवी. पण एवढ्याशा पिल्लाला आईचं दूधच नाही, तिची जीभही लागते. पोट चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. मी ओल्या कापसानं करत होतो. माणसाचा हात तो, जीभ नव्हे. दोन पिल्लं गेली. बाकीच्यांची वजनं वाढेनात.

मामानं सांगितलं, "भनपुरीले काकी व्याली आहे, टायरच्या गोदामामागे."

काकी म्हणजे अड्ड्यावरची गावठी कुत्री. पिवळट, एक कान तुटलेला, कोणाची नाही. सगळ्या ड्रायव्हरांची आई-बहीण काढून झाल्यावर जो आदर उरतो त्या आदरानं ते तिला काकी म्हणायचे. तिला दोनच पिल्लं होती आणि दूध भरपूर.

सहा पिल्लं टोपलीत घालून मी रिक्षानं भनपुरीला गेलो. काकी धाब्यावर हाडकं शोधायला गेली तेवढ्यात तिचं बसायचं पोतं घेऊन पिल्लांना डोक्यापासून शेपटीपर्यंत घासलं, तिच्या दोघांच्या मध्ये मिसळून ठेवलं, आणि लांब टायरवर जाऊन बसलो. आमच्यात याला दुसरा उपाय नाही. वास जुळला तर आई, नाही तर एका दाढेचं काम. तिनं चाटलं तर ठेवून घेतलं असं समजायचं.

काकी आली. थबकली. एकेकाला हुंगलं. एका काळ्या तोंडाच्या पिल्लाला नाकानं उलटं केलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे या आगाऊपणाचं कारण कोण ते तिला नीट कळलं होतं. आणि मान खाली घालून त्याचं पोट चाटायला लागली. माझ्या शेजारी उभा असलेला हमाल छत्तीसगडीत म्हणाला, "हव, हो गे." हो, जमलं म्हणे. आणि बिडी पेटवली. 

राजाभाऊंना कळलं तेव्हा ते अड्ड्यावर येऊन कपाळाला हात लावून उभे राहिले. "खानदानी पिल्लं हे! चॅम्पियनची अवलाद! अन् तू त्याईले गल्लीचं दूध पाजून राहिला?"

"भाऊ, जगतात."

"जगतात तं जगू दे. पण हे बाहेर नाही जायले पायजे. बंगल्यावर तं ते कुत्री आणूच नको."

म्हणून चॅम्पियनची अवलाद भनपुरीत, टायरच्या मागे, ग्रीसच्या वासात वाढली. महिन्याभरात ती एवढी झाली की काकी उभी राहिली तरी त्यांना वाकून प्यावं लागे. वरून मी बाटली आणि पेज द्यायचो, तरी त्यांना काकीच हवी. वाकड्या शेपटीचीला नेहमी शेवटची जागा मिळे. ती ओरडायची नाही, भावंडांच्या खालून शिरायची.

एके दिवशी सकाळी अड्ड्यासमोर ऑटो थांबली आणि वहिनी उतरल्या. एकट्या. त्या माउलीनं आयुष्यात ट्रकांचा अड्डा पाहिला नव्हता. ड्रायव्हरांनी पटापट तोंडातल्या शिव्या गिळल्या. वहिनी थेट टायरांमागे आल्या, काकीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि मला म्हणाल्या, "मले काम सांग. खायला देण्याचं सोडून काहीही सांग."

मी त्यांना पिल्लांचे डोळे पुसायला सांगितलं. त्या पोत्यावर बसल्या. मग रोजच यायला लागल्या. आठवडाभरानं मीच पेजेचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, दोन बोटं पेजेत बुडवली आणि वाकड्या शेपटीचीच्या तोंडाशी धरली. 

एकदा त्यांनी विचारलं, "वाटून झाली का तू कुठी जाशील?"

"तुमसरले."

"तिथं काय आहे?"

"काही नाही."

"मंग?"

मी रिकामं पातेलं उचललं आणि नळावर गेलो.

निवडीला सेठजी येणार होते बंगल्यावर, ठरलेल्या दिवशी. त्या दिवशी पिल्लांना साबण लावून, पट्टे घालून संगमरवरावर ठेवायचं असा राजाभाऊंचा बेत. पण कोळशाचे ट्रक भनपुरीवरूनच जातात आणि ड्रायव्हरांच्या पोटात काही राहत नाही. सेठजी दोन दिवस आधीच थेट अड्ड्यावर आले. राजाभाऊ तिथंच होते, वहिनी पोत्यावर, आणि काकीला सहाच्या सहा लोंबकळलेली. काकी मला तर त्यांच्याखाली दिसतही नव्हती, फक्त तुटका कान वर.

सेठजींनी रुमाल नाकाला लावला. "राजा भैया, ये क्या है?"

"दूध पी रहे हैं," राजाभाऊ म्हणाले. दुसरं म्हणणार काय?

"किसका? इसका? ये तो सड़क की है! मेरे बच्चे के बच्चे!"

"सेठजी, माँ नहीं रही न. डॉक्टर ने कहा..."

"सब बिगड़ गया. ऐसा दूध खून में उतरता है. अब ये डेन नहीं रहे, समझे? कल को कचरे में मुँह मारेंगे."

राजाभाऊंची मान खाली गेली. ज्या माणसापुढे सगळे हमाल चळचळा कापायचे तो माणूस कोळशाच्या सेठपुढे पिल्लांची माफी मागायच्या बेतात होता. मी पेजेचं पातेलं धरून उभा. इथं बोलायची माझी पायरी नव्हती, आणि खरं सांगतो, धैर्यही नव्हतं.

वहिनी पोत्यावरूनच बोलल्या, पदरानं पिल्लाचं तोंड पुसत. "सेठजी, आप बचपन में किसका दूध पिए थे?"

"मतलब?"

"गाय का ही न?"

"हाँ, घर की गाय थी हमारी. गिर."

"तो सींग किधर गए आपके?"

टायरांमागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळा अड्डा. जे हसू पांढऱ्या सफारीच्या वेळेला दाबलं होतं तेसुद्धा त्यातच बाहेर पडलं असावं. सेठजी लाल झाले. "मुझे नहीं चाहिए एक भी," म्हणाले आणि गाडीत बसले. राजाभाऊ दोन पावलं मागे धावले, मग थांबले. त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं आणि मला वाटलं आता ओरडतात. ते म्हणाले, "गाईचं काहून काढलं? म्हशीचं पेला असन तो." आणि तेही हसायला लागले.

पण गोष्ट रायपूरभर झाली. एकेका साहेबाचा फोन येऊ लागला. एकाकडे जागा नव्हती, एकाच्या सासूला दमा निघाला. एका मॅडमनी तर स्पष्टच सांगितलं, "हमारे यहाँ छोटे बच्चे हैं, संस्कार का सवाल है." जी मंडळी छठीला पिल्लांचे मुके घेत होती त्यांना आता त्यांच्या दुधाची किळस आली. मी आयुष्यात इतका मूर्खपणा एका जागी पाहिला नाही, आणि कुठल्या मूर्खपणाचे इतके आभारही मानले नाहीत. एक पिल्लू डॉक्टरीणबाईंनी नेलं, एक रेल्वेच्या निवृत्त गार्डनं, दोन गुळाच्या व्यापाऱ्यानं. दोघी उरल्या. एक सगळ्यांत देखणी, सपाट पाठीची, पाय असे की आपसूक चौकोनात पडावेत. आणि एक वाकड्या शेपटीची.

राजाभाऊ म्हणाले, "दोन नाही ठेवत मी. एक ठेवू. प्रदर्शनाले."

वहिनी म्हणाल्या, "पहिली निवड सुधाकरची."

मला आयुष्यात पहिली निवड कोणी दिली नव्हती. ताट, कपडे, शाळा, गाव, कशाचीच नाही. मी दोघींना ट्रकच्या फळीवर उभं केलं. वाकड्या शेपटीचीनं लगेच माझा अंगठा तोंडात धरला. मला तीच हवी होती. पण वाकड्या शेपटीचं कुत्रं रिंगणात पहिल्याच फेरीत बाहेर काढतात, आणि ज्या घरात प्रदर्शनाचं कुत्रं नाही त्या घराला हँडलर लागत नाही. मी तिच्या तोंडातून अंगठा सोडवला आणि सपाट पाठीचीवर हात ठेवला.

"ही," मी म्हणालो.

"शाब्बास," राजाभाऊ म्हणाले. "नजर आहे पोट्ट्याले."

नजर कसली? मी साहेबांना, सेठला, सगळ्या रायपूरला हसलो आणि माझी पाळी आली तेव्हा मीही शेपटीच पाहिली.

वहिनींनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. काय दिसलं त्यांना कोण जाणे. त्या फळीजवळ आल्या, उरलेलीला उचललं, ती आता चांगली जड झाली होती, दोन्ही हातांनी कशीबशी छातीशी धरली.

"काय करून राहिली?" राजाभाऊ म्हणाले. "एकच म्हटलं न मी?"

"तुमची एकच आहे. हे माझी. इले कुठी न्यायचं नाही, काही जिंकायचं नाही." आणि मला म्हणाल्या, "ऑटो बोलाव रे सुधाकर. तूही बस. जेवायची वेळ झाली."